गल्लीतली जिम: नाव घालण्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

आमची जिम डोंबिवली पूर्वेला, भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत आहे. पूर्वी तिथे भांड्यांचं गोडाऊन होतं. शटर अर्धंच वर असतं. वाकून आत शिरलं की डाव्या हाताला मारुतीचा फोटो आणि उदबत्तीचं घर, समोर भिंतभर आरसा, खाली काळे रबरी मॅट. ट्रेडमिल दोन, त्यातली एक बहुतेक वेळा बंद. एसी नाही, चार मोठे पंखे आहेत. महिन्याची फी ८०० रुपये. ४३व्या वर्षी मी इथे नाव घातलं, तेव्हा स्टेशनचा पूल चढताना मला मधे थांबावं लागायचं. आता सहा वर्षं झाली. परवा ६० किलोचा रॉड जमिनीवरून पाच वेळा उचलला.

ताकद कमवायला जे लागतं ते सगळं या ८०० रुपयांत मिळतं. रॉड, प्लेटा, डंबेलच्या जोड्या, दोन बेंच, केबलची दोन मशिनं. मिळत नाही ते निवांत समजावून सांगणारं माणूस. सकाळच्या बॅचला आम्ही चाळीस जण आणि सर एकटे. ते तरी कुणाकुणाकडे बघणार? त्यामुळे नवीन माणूस पहिले दोन आठवडे इकडेतिकडे बघून काहीतरी करतो, अंग दुखतं, फरक दिसत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात येणं बंद होतं. वर घरी बसून म्हणतो, आपल्याच्याने होत नाही. माझ्याबरोबर त्या महिन्यात सहा जणींनी नावं घातली होती, आम्ही दोघी उरलो. त्या चौघींना कुणी चार गोष्टी वेळेवर सांगितल्या असत्या तर त्याही आज तिथे असत्या, असं मला मनापासून वाटतं. त्याच गोष्टी इथे क्रमाने लिहिते आहे.

बघायला जायचं ते तुमच्या वेळेला

दुपारी बारा वाजता कुठलीही जिम छानच वाटते. तुम्ही सकाळी सहाला जाणार असाल किंवा ऑफिसहून आल्यावर आठला, तर त्याच वेळेला बघायला जा, आणि शक्यतो सोमवारी जा. सोमवार हा जवळजवळ सगळ्यांचा चेस्टचा दिवस, बेंचभोवती गर्दी असते. त्या गर्दीतही तुम्हाला दोन डंबेल आणि हात पसरून उभं राहण्याइतकी जागा मिळत असेल तर ती जिम चालेल.

अंतर पायी दहा मिनिटांच्या आत हवं. घरापासून तरी, नाहीतर स्टेशनवरून घरी येण्याच्या वाटेवर तरी. बाकी सगळ्यात तडजोड करा, यात नको. ज्या जिमला रिक्षा करून जावं लागतं ती जूनच्या पहिल्या पावसात सुटते.

आत गेल्यावर नुसतं बघू नका, हात लावून बघा. केबल मशीनची वायर पुलीवरून जिथे वळते, तिथे बोट फिरवा. वरचं प्लॅस्टिक फाटून आतल्या बारीक तारा टोचत असतील तर त्या मशीनखाली बसायचं नाही. लॅट पुलडाऊनची, म्हणजे बसून डोक्यावरचा दांडा खाली ओढायच्या मशीनची, वायर तुटली तर दांडा सरळ डोक्यावर किंवा मानेवर येतो. बेंच हलवून बघा, पाय डुगडुगतात का. डंबेलच्या रॅकमध्ये सगळ्यात लहान जोड्या शोधा: अडीच, पाच, साडेसात किलो. अनेक ठिकाणी २५-३० किलोच्या जोड्या चकाचक असतात आणि पाचचा एकच डंबेल कुठेतरी दरवाजाला टेकू म्हणून लावलेला असतो. नवशिक्याला पहिले दोन महिने याच लहान जोड्या लागतात.

रॉडचं वजन विचारा. पुरुषांच्या स्पर्धेचा ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण गल्लीतल्या जिममध्ये बरेचदा बारीक रॉड असतात, सात-आठ ते दहा किलोचे. कुणालाच सांगता आलं नाही तर रॉड हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. पुढे वहीत आकडे लिहिताना हे कामाला येतं.

पावसाळ्यात ट्रेडमिलच्या लोखंडी भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंगमध्ये बिघाड आहे. लगेच उतरा, सरांना सांगा, आणि दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्यालाही चढू देऊ नका.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. ‘लेडीज बॅच’ सहसा दुपारची असते, नोकरी करणारीला तिचा काही उपयोग नाही. सकाळ-संध्याकाळच्या बॅचला किती बायका येतात ते मालकाला विचारण्यापेक्षा तिथे व्यायाम करणाऱ्या एखादीलाच विचारा. ती खरं सांगते. सर हात लावून पोझिशन दुरुस्त करतात की आधी विचारतात, व्हिडिओ काढणाऱ्यांना कुणी बोलतं का, टॉयलेटची कडी नीट लागते का, हे सगळं तिच्याकडून पाच मिनिटांत कळतं. मला त्या दिवशी एका शिक्षिकेने सांगितलं होतं, “इथले पोरगे बघत नाहीत, आपापलं करतात. बिनधास्त या.” त्या एका वाक्यावर मी नाव घातलं.

खासगी जिमच्या आधी जवळपास पालिकेची किंवा मंडळाची व्यायामशाळा आहे का तेही बघा. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं, आणि कोल्हापुरात तर पेठेपेठेत तालीम. व्यायाम परवडला पाहिजे हा विचार त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. बागेतल्या ओपन जिमबद्दल मात्र स्पष्ट सांगते: सांधे मोकळे करायला ती चांगली, पण तिथल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवता येत नाही. ताकदीसाठी वजन वाढवता आलं पाहिजे.

पैसे कसे भरायचे

या जिमच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी वर्षाचे ९,००० रुपये एकदम भरले होते. ‘वर्षाचे भरा, चार महिने फुकट.’ चौथ्या महिन्यात एका सकाळी शटरला कुलूप होतं आणि बाहेर आम्ही पंधरा-वीस जण उभे. रात्रीत मशिनंसुद्धा गेली होती. माझ्याकडे पावती म्हणून एक कार्ड होतं, त्यावर ना नोंदणी क्रमांक ना मालकाचं नाव. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढची दोन वर्षं मी कुठल्याच जिममध्ये पाऊल टाकलं नाही.

म्हणून पहिला महिना महिन्याचेच भरा. तो महिना निभावला तर तीन महिन्यांचे. वर्षाचे भरायचे ते सलग तीन महिने जाऊन झाल्यावर आणि मालक माहितीचा झाल्यावर. यूपीआयने भरा, नोंद राहते. पावतीवर जिमचं नाव, तुमचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या. ॲडमिशन फी वेगळी आहे का, आणि आजारपणात किंवा गावी गेल्यावर मेंबरशिप थांबवता येते का, हे आधीच विचारा. लहान जिमचे मालक बहुतेक वेळा पंधरा दिवस वाढवून देतात, पण ते विचारणाऱ्यालाच देतात.

जीएसटीचं एक. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या जिमला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे गल्लीतल्या जिमच्या पावतीवर तो नसेल तर नवल नाही. जिथे लावतात तिथे २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. अजून कुणी १८ टक्के धरत असेल तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा.

‘भरलेली फी परत मिळणार नाही’ असं पावतीमागे छापलेलं असतं. तो शेवटचा शब्द नव्हे. जिम बंद पडली किंवा सांगितलेली सोय दिलीच नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही. पावती नीट असेल तर.

डॉक्टरांना एकदा दाखवून

वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी-शुगर असेल, छातीत दुखणं, चक्कर, चालताना दम लागणं असं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कधी खायचं आणि डोस बदलायचा का हे त्यांना विचारा, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. बीपी असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही: जोर लावताना सोडायचा, वजन खाली आणताना घ्यायचा. आणि हे सगळं सरांना पहिल्याच दिवशी सांगा. लाजून लपवू नका. आमच्या सरांनी माझ्या कार्डावर लाल पेनाने ‘गुडघा’ असं लिहून ठेवलं होतं, ते अजून तसंच आहे.

पहिला दिवस

बरोबर घ्यायचं ते एवढंच: जिमसाठी वेगळे ठेवलेले बूट, शक्यतो सपाट तळाचे, नॅपकिन, पाण्याची बाटली, आणि एक छोटी वही. ओढणी नको. लांब मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी काढून या. मंगळसूत्र काढायचं नसेल तर आखूड घाला आणि टी-शर्टच्या आत ठेवा. केबलच्या दांड्यात मंगळसूत्राचा सर अडकून तुटताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. मणी सगळ्या मॅटवर घरंगळले, आणि बॅचमधली सगळी पोरं आपापले सेट सोडून ते वेचायला बसली. अंगठीचा धोका याहून मोठा आहे: रॉड आणि बोट यांच्यात ती चेपली की बोटाची कातडी सोलून निघते.

पहिल्या दिवशी सर तुम्हाला ट्रेडमिलवर दहा मिनिटं पाठवतील, मग हातपाय मोकळे करायला सांगतील, मग फळ्याकडे बोट दाखवतील. बहुतेक जिममध्ये असा एक फळा असतो: सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर, गुरुवार बायसेप्स, शुक्रवार ट्रायसेप्स, शनिवार लेग. हा कार्यक्रम वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्या, स्पर्धेला उतरणाऱ्या मुलांच्या पद्धतीवरून आलेला आहे. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचे आठवड्यातले दोन दिवस हमखास चुकतात. त्यात शनिवार चुकला की पायांचा व्यायाम पंधरा दिवसांनी होतो, आणि पाय हेच तर शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू.

नवीन माणसाने आठवड्यातून तीन दिवस यावं, एकाआड एक, आणि प्रत्येक वेळी सगळं शरीर हलवावं. सरांना सरळ सांगा, “सर, मला तीनच दिवस जमणार आहे, पूर्ण बॉडीचं बसवून द्या.” सर नाराज होत नाहीत. उलट हा टिकणार असं त्यांना वाटतं.

तीन दिवसांचा व्यायाम

पाच हालचाली आहेत: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, पुढे ढकलणं, आपल्याकडे ओढणं आणि हातात वजन घेऊन चालणं. पाणी भरणारी, तांदळाचं पोतं हलवणारी आपली माणसं हेच करत आली आहेत.

बसून उठण्यासाठी स्क्वॉट. पहिले दोन आठवडे मागे बेंच ठेवा. पाच किलोचा एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी उभा धरा, पाय खांद्याएवढे फाकवा, पंजे जरासे बाहेर. हळूच बेंचवर टेका, पण अंग टाकू नका, आणि उठा. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, पावलांच्या दिशेने राहू द्यायचे. टाच उचलली जात असेल तर टाचेखाली अडीच किलोची एकेक प्लेट ठेवा.

कमरेतून उचलणं हा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात चुकीचा केला जाणारा व्यायाम आहे, म्हणून यावर थोडं थांबते. हा आधी घरी शिका, झाडूच्या दांड्यावर. दांडा पाठीमागे उभा धरा, असा की तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला. आता गुडघे जरासे सैल सोडा आणि ढुंगण मागे न्या, जणू हातात पिशव्या आहेत आणि मागचं दार ढुंगणाने लोटायचं आहे. दांडा तिन्ही जागी टेकलेला राहिला तर पाठ सरळ आहे. एखादी जागा सुटली तर तिथेच थांबा, तुमची हद्द सध्या तेवढी. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला की बरोबर चाललंय. मला हे जमायला अकरा दिवस लागले. मग जिममध्ये हातात पाच-पाच किलोचे डंबेल घेऊन तेच करा, डंबेल मांड्यांना घासत खाली न्या, घासत वर आणा. पोटऱ्यांच्या मध्यापर्यंत गेले की पुरे. माझी जुनी कंबरदुखी ज्या व्यायामाने कमी झाली तो हा. बादली उचलताना आता मी आपोआप अशीच वाकते.

ढकलण्यासाठी डंबेल प्रेस, म्हणजे बेंचवर आडवं होऊन दोन डंबेल छातीपासून वर ढकलायचे. जोर काढायचे असतील तर सुरुवातीला हात जमिनीऐवजी बेंचच्या कडेवर ठेवून काढा, पुढे उंची कमी करत जा. ओढण्यासाठी लॅट पुलडाऊन: आधी मांडीवरची गादी अशी लावून घ्या की बसल्यावर मांड्या घट्ट अडकतील, नाहीतर वजन तुम्हालाच वर उचलतं. दांडा छातीकडे आणायचा, मानेमागे नाही. फळ्याजवळच्या जुन्या पोस्टरवर मानेमागचा फोटो असतो, तो बघून करू नका, खांद्याला त्रास होतो. शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालणं, जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन-तीन फेऱ्या. गर्दी असेल तर त्याऐवजी प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरून ठेवायचं.

पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे दोनच सेट, मग तीन. एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. सेट संपताना ‘अजून दोन-तीन झाले असते’ असं वाटलं पाहिजे. दोन सेटच्या मधे दीड-दोन मिनिटं थांबा. सगळं धरून ५० मिनिटं लागतात.

वजन कधी वाढवायचं? वहीत लिहिलेलं असेल तर हा प्रश्नच पडत नाही. माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे: ‘स्क्वॉट, ५ किलो, ८-८-७.’ तिन्ही सेटमध्ये १२-१२-१२ झाले की पुढच्या वेळी साडेसात किलो, आणि पुन्हा आठपासून सुरुवात. एवढाच नियम. पहिल्या महिना-दीड महिन्यात आकडे भराभर वाढतात, कारण मेंदू आणि स्नायू यांची जुळणी होत असते. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतके भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, साधारण दोन-तीन महिने. आरशात काही दिसत नाही म्हणून जे सोडून जातात त्यांच्या वहीत खरं तर सगळं दिसत असतं. वही नसते.

ट्रेडमिल बंद असेल तर हळहळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. चालणं रस्त्यावर फुकट होतं. जिमचा वेळ वजनांना द्या.

रॉडने बेंच प्रेस करायला लागाल तेव्हा दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा, नाहीतर रॉड तळव्यावरून छातीवर निसटतो. आणि पाठीमागे कुणीतरी उभं हवं. “दादा, जरा सपोर्ट द्या ना,” एवढं म्हटलं की कुणीही येतं. कुणीच नसेल तर रॉड सोडून डंबेलने करा.

दुखणं: कुठलं चालेल, कुठलं नाही

पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग ओसरतं. यासाठी घरी बसू नका. ठरलेल्या दिवशी जा, वजन कमी घ्या, अंग मोकळं होतं. दुसऱ्या वेळेपासून दुखणं निम्म्यावर येतं.

सांध्यात टोचणारं, एकाच बाजूचं, रात्री झोपेतून उठवणारं किंवा हाता-पायात मुंग्या नेणारं दुखणं वेगळं. तो व्यायाम तिथेच थांबवा आणि दाखवून घ्या. आणि एक गोष्ट क्वचित होते, पण माहीत असलीच पाहिजे: पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी पैजेवर दोनशे बैठका मारल्या, अंग प्रचंड सुजलं आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडात अडकतात.

माणसं

मशीनवर कुणी बसलं असेल तर ताटकळत उभं राहू नका. “किती सेट राहिलेत?” विचारा, आणि जास्त असतील तर “मधे मी एक मारू का?” हे विचारणं जिममध्ये अगदी रीतीचं आहे, कुणी नाही म्हणत नाही. वापरलेल्या प्लेटा परत जागेवर ठेवायच्या, घाम पुसून उठायचं, डंबेल वरून टाकायचे नाहीत. खाली बसून फोन बघायचा असेल तर बेंच सोडून भिंतीला टेकायचं. न मागता सल्ले देणारे भेटतील. हसून मान हलवा आणि आपल्या वहीप्रमाणे करा. मात्र कुणी “ताई, पाठ वाकतेय” म्हणालं तर लगेच थांबा. आमच्याकडे दोन अंकी डंबेल सहज उचलणारे एक रिटायर्ड काका आहेत, त्यांनी माझी पाठ अशी तीन वेळा वाचवली.

खंडेनवमीला लवकर जा. आदल्या रात्री पोरं सगळी मशिनं पुसून, तेल घालून ठेवतात. सकाळी रॉडला झेंडूचे हार, प्लेटांवर हळदकुंकू, पूजा झाल्याशिवाय कुणी वजनाला हात लावत नाही. एरवी नुसती मान डोलावणारी माणसं त्या दिवशी पेढा हातावर ठेवून नाव विचारतात. नवीन माणसाचं बुजणं त्या सकाळी जातं.

ताटात काय

आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार निरोगी मोठ्या माणसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांना साधारण १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ७० ते ९५. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आपल्या जेवणात कमी पडतं ते हेच. पोळी-भाजी, भात आणि पातळ वरण यांत ते भरून निघत नाही, आणि पोह्यांवर शेंगदाणे घातले म्हणूनही नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, पावशेर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि सुक्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांमध्ये तब्बल २५. सोयाबीन वडी ही गरिबाची प्रोटीन पावडर आहे. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केली तर मुलंही खातात. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि सुकट आहेच. मी केलं ते एवढंच: दुपारच्या डब्यात भाजीऐवजी घट्ट उसळ, संध्याकाळी वडापावच्या जागी दोन उकडलेली अंडी, रात्री वाटीभर दही. सकाळी जिमला निघताना एक केळं.

पावडर आणि इंजेक्शन

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणीतरी पावडरीचा विषय काढतं. जेवणातून होत असेल तर नको. घ्यायचीच असेल तर सीलबंद, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असलेली, बिलासकट घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटी मिळणारी कधीही नाही. त्या विक्रीवर बऱ्याच ठिकाणी कमिशन असतं, म्हणून सल्ला आणि विक्री एकाच माणसाकडून घेऊ नये. ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पावडर खूप अभ्यासलेली आणि स्वस्त आहे, रोज ३ ते ५ ग्रॅम. ‘फॅट बर्नर’वर एक रुपयाही घालवू नका.

इंजेक्शनबद्दल मला आवाज चढवून बोलायचं आहे. ‘कोर्स’ या साध्या शब्दाआड स्टेरॉइड असतात. मुलांचं वृषण आक्रसतं, मूल होण्यात अडचण येते, हृदयावर परिणाम होतो. मुलींचा आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो. दुसरं मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं बीपी पडलं तर ते वर आणण्यासाठीचं हे औषध, आणि अठरा-वीस वर्षांची पोरं ते ‘दम यावा’ म्हणून टोचून घेतात. पुण्यात पोलिसांनी ही इंजेक्शनं चोरून विकणाऱ्यांना पकडलं आहे. तुमच्या जिममध्ये कुणी असलं काही पुढे केलं तर ती जिम त्याच दिवशी सोडा. तुमचा मुलगा जिमला जात असेल तर त्याच्या सॅकमध्ये काय आहे ते बघा, आणि बघितलं हे त्याला सांगा.

तिसरा आठवडा, आणि खंड पडल्यावर

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. नवलाई संपलेली असते, फरक दिसत नसतो, त्यात घरात लग्न किंवा मुलांची परीक्षा. त्या आठवड्यासाठी आधीच ठरवून ठेवा: जाऊन फक्त स्क्वॉटचे दोन सेट मारायचे आणि परत यायचं. पंधरा मिनिटं. वही उघडून तारीख टाकायची. मी असे दिवस वहीत गोल करून ठेवले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत ते नऊ होते.

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. आणि घरातली एखादी खूण धरा. माझी खूण होती गॅसचा सिलिंडर: पहिल्या महिन्यात फरशीवर ओढत न्यायचे, चौथ्या महिन्यात उचलून ठेवला.

खंड प्रत्येकाचा पडतो. गणपतीत गावी गेलात, आजारी पडलात. दोन-तीन आठवड्यांचा खंड असेल तर आधीच्या निम्म्या वजनापासून, दोन-दोन सेट, आणि दर वेळी थोडं वाढवत पंधरा दिवसांत मूळ जागेवर या. चिकनगुनियानंतर मी दीड महिन्याने गेले तेव्हा तर रिकाम्या रॉडपासून सुरुवात केली. शटरखालून वाकून आत शिरले, सरांनी वर न बघताच विचारलं, “ताई, सांधे कसे आहेत?” आणि काकांनी माझ्यासाठी पाच किलोची जोडी रॅकमधून काढून मॅटवर ठेवली.